स्फोटाआधीची अजान

“अम्मी, बॉम्ब फुटायच्या आधी दर वेळी तू टीव्हीचा आवाज का बंद करतेस?”

मित्रांनो, विचारलं आरफाने, पण “विचारून दाखव!” अशी पैज लावली होती योगिनी आणि मैत्री या तिच्या वर्गमैत्रिणींनी. आणि तो टीव्ही म्हणजे मी! पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत मी नवाकोरा आलो, तेव्हा केवढं कौतुक झालं माझं! मग त्या घरच्यांनी मोठा टीव्ही घेतला आणि मी दोन वर्षं माळ्यावर धूळ खात पडलो. त्यांची गाडी दुरुस्त करणाऱ्या करीमभाईंनी, म्हणजे आरफाच्या अब्बांनी, मला दिघीला आपल्या घरी आणलं. आता शनिवारी दुपारी तिघी मैत्रिणी माझ्यासमोर फतकल मारून अतिरेक्यांना पकडणाऱ्या अधिकाऱ्यांची मालिका बघतात.

“अगं, अजान लागते ना, तेव्हा टीव्हीचा आवाज नको,” खैरुन्निसाबी म्हणाल्या. डोक्यावर ओढणी, हातात रिमोट.

“मालिकेतली आहे ती, अम्मी! खरी नाही काही.”

“माझ्या हाताला काय कळतं, खरी कुठली नि खोटी कुठली?”

मैत्री खो खो हसली. योगिनी मात्र बोटं मोजायला लागली. “थांबा गं. हिरोच्या घरी आरती, की सगळे खूश. आणि अजान लागली की...”

“की धडाम,” आरफाने वाक्य पुरं केलं.

इतकी वर्षं ते सगळं माझ्याच तोंडून बाहेर पडत होतं, आणि मलाही ते कधी खटकलं नव्हतं!

आता खरी पंचाईत. शाळेच्या गॅदरिंगला शेखर सर याच मालिकेवर नाटक बसवत होते. आरफा त्यात मुख्य अधिकारी! महिनाभर माझ्या बंद काचेत बघून ती सॅल्यूट ठोकत होती. त्या नाटकातही स्फोटाआधी अजान होती.

मित्रांनो, माझी काच पुसता, तसंच मी काय ऐकवतो तेही जरा तपासत जा. मला आवाज निवडता येत नाही. तुम्हाला येतो.

करीमभाई चाकणहून, कामावरून आल्यावर आरफाने त्यांना सगळं सांगितलं.

“नाटकातलं काम जाईल बेटा तुझं,” ते हळूच म्हणाले.

“जाऊ दे! अम्मी, अब्बा, ऐका. सोमवारी मी सरांना सांगणार. अजान काढली, तर अधिकारी मीच. नाही काढली, तर मी प्रेक्षकांत बसणार, आणि का बसले ते विचारेल त्याला सांगणार.”