दहा मिनिटांत एक्केचाळीस बेडूक

केरूभाऊंच्या सायबर कॅफेत संगणक नऊ होते. सहा नीट चालत, दोनांचे माउस अडकत आणि एकावर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी असे. तोही चाले, पण केरूभाऊंनी तो स्वतःच्या पत्त्यांच्या डावांसाठी राखला होता. खुर्च्या अकरा. चार ते साडेपाच या वेळात गिऱ्हाइकं सरासरी सात, त्यांत बाई एक. तिचं नाव मोहिनी.

“ताई, अजून बेडकंच का?” केरूभाऊ मागून डोकावले. “ती पोरं तिकडं काळ्या दरीत राक्षस लोळवू राहिली.”

“लोळवतात आणि दर पाच मिनिटांनी स्वतःच मरतात,” पडद्यावरची नजर न हलवता मोहिनी म्हणाली. “मी मोजलंय, भाऊ.”

तिने खरंच मोजलं होतं. अंबडच्या एका कारखान्यात ती व्हॉल्व्ह तपासायची. दिवसभर मायक्रोमीटर हातात. माप बसलं तर हिरवा ट्रे, नाही बसलं तर लाल. तिथे तिला सगळे ‘क्यूसी मॅडम’ म्हणत, नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. या ऑनलाइन खेळातल्या बारा जणांच्या टोळीत, म्हणजे गिल्डमध्ये, ती जखमा भरून काढणारी वैद्य होती. लढाई पेटली की अकरा जण एकदम तिच्याच नावाने हाका मारत. घरी सासूबाईंना तिने टायपिंगच्या क्लासला जाते असं सांगितलं होतं. टायपिंग सुधारलंही होतं.

२००७ सालचा तो उन्हाळा. गिल्डचा कप्तान ठाकूर जबलपूरचा. त्याने फर्मान काढलं: पुढच्या रविवारी चार वाजता किल्ल्यावर हल्ला, साठाव्या लेव्हलच्या खालचा माणूस गिल्डमधून बाहेर. बाकीच्यांच्या घरी संगणक होते. ते साठीच्या पुढे केव्हाच गेलेले. मोहिनी छप्पन्नवर होती आणि पुढच्या लेव्हलचे पस्तीस टक्के. पाळी संपवून ती चारला कॅफेत पोचे आणि साडेपाचला लोडशेडिंग. रोजचा दीड तास, त्याला इलाज नव्हता.

मग तिने तपासणीच्या कोऱ्या तक्त्यामागे आकडे मांडले. काळ्या दरीत दहा मिनिटांत बारा राक्षस, दोन मरणं, कमाई तीन टक्के. दलदलीत दहा मिनिटांत एक्केचाळीस बेडूक, मरण शून्य, कमाई पाच टक्के. दलदलीत कोणी फिरकत नसे, कारण बेडूक मारण्यात शान नव्हती. रविवार धरून आठ दिवसांचा हिशेब एकोणसाठ आणि पंच्याण्णव टक्क्यांवर येत होता. पाच टक्के कमी. तिने ते गिल्डमध्ये जसंच्या तसं सांगितलं.

शनिवारी ती ठरल्याप्रमाणे एकोणसाठ आणि पन्नासवर पोचली. “ताई, दोन मिनिटं राहिली!” केरूभाऊ ओरडले. रोज निघताना ती ‘बाय’ लिहायची. आज आकडा बरोबर जुळल्याच्या आनंदात तिने घरच्यासारखं ‘येते’ लिहिलं आणि उठली. ‘दीदी, हम चार लोग मदद को आ रहे हैं’ ही ठाकूरची ओळ त्याच क्षणी, तिच्या ‘येते’च्या जरा आधी, पडद्यावर आली होती. ती तिने वाचलीच नाही.

रविवारी कॅफे अडीचला उघडला. ती खेळात शिरताच ठाकूरने लिहिलं, “दीदी, कल हम चालीस मिनट दलदल में खडे रहे. आपने कहा था, येते.”

“हां, तो मैं घर गयी.”

“येते मतलब आती हूं. मैंने पडोस की मराठी आंटी से पूछा. सोचा, लाइट गयी होगी, आयेंगी.”

“हमारे में निकलते वक्त जाते नहीं बोलते. अशुभ होता है. येते बोलते हैं.”

“और आना हो तो?”

“आले.”

“वो तो आ गयी हुआ ना?”

“हां. लेकिन तब तक निकली भी नहीं होती.”

ठाकूरने हसण्याची ओळभर चिन्हं टाकली. मदतीला आलेल्या चौघांतला शेरू मात्र हसला नाही. त्या चाळीस मिनिटांत दुसऱ्या टोळीने त्याला गाठून मारलं होतं. “मेरा कवच गया, और यहां भाषा की क्लास चल रही है,” त्याने लिहिलं.

मोहिनीने ‘माफ करना’ लिहिलं; लिहिता लिहिताही तिचे बेडूक सुरूच होते. अठ्ठ्याऐंशी मिनिटं ती पाणी प्यायलाही उठली नाही. शेजारच्या खुर्चीवरची माणसं दोनदा बदलली.

तीन अठ्ठावन्न. एकोणसाठ आणि चौऱ्याण्णव टक्के.

“छह परसेंट क्या होता है, दीदी,” ठाकूर म्हणाला. “साठ ही समझो. चलो, किले पे आपके बिना मरेंगे हम.”



मोहिनीचा हात की-बोर्डवर थांबला. वीस मायक्रॉनची सूट असताना एकवीस भरलेला व्हॉल्व्ह ती रोज लाल ट्रेत टाकायची. सुपरवायझर म्हणे, “मॅडम, एकाने काय होतंय?” तेव्हाही ती टाकायचीच.

“चौऱ्याण्णव म्हणजे चौऱ्याण्णव,” ती मोठ्याने म्हणाली. केरूभाऊंनी पत्त्यांवरून मान वर केली. तिने लिहिलं, “मेरा नाम काट दो. दवा की सारी शीशियां गोदाम में रखी हैं, ले जाना. जान आधी रह जाए तभी पीना, पहले नहीं.”

यादीतून एक नाव गेलं. अकरा जण किल्ल्याकडे निघाले.

ती दलदलीतच राहिली. चार वाजून दहा मिनिटांनी साठावी लेव्हल लागली.