धाकटीचा दोरा

“आई, पहिल्या रांगेत नको बसूस,” सभागृहाच्या दारातच धाकटी म्हणाली.

“का? माझं तोंड एवढं वाईट आहे?”

“तोंड नाही, भुवया. त्या वर गेल्या की मी अडखळते.”

मी पहिल्याच रांगेत बसले. नवऱ्यामागं लाँड्री चालवून दोन पोरी वाढवल्या, मागं बसायची सवय मला नाही. शेजारी नणंद. तिला मीच ओढून आणलं होतं. गेल्या वर्षी धाकटीला काहीतरी नवं सापडल्याचं पेपरात आलं, ते कात्रण मी काउंटरच्या काचेखाली लावलं होतं. कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावायची. नणंदेला तर मोठ्यानं.

तिचं काम मला कळतं ते इतकंच. तळघरातल्या खोलीत केसाहून बारीक दोरा टांगलाय, दोऱ्याला चिमुकली वजनं, शेजारी शिशाचे गोळे. जगातली प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते म्हणे. दोरा किती पिळला यावरून ती ओढ मोजायची. धाकटीच्या मापात ओढ थोडी जास्त भरली, पुस्तकात न बसणारी. त्याचाच सगळा गाजावाजा.

आणि आदल्या संध्याकाळी, माझ्यासोबत शर्ट इस्त्री करता करता ती म्हणाली, “ती जास्तीची ओढ खरी नाही, आई. लिफ्टची आहे. भिंतीपलीकडे लिफ्टचं लोखंडी वजन वर-खाली होतं ना, ते माझ्या दोऱ्याला ओढतं. लिफ्ट दुरुस्तीला बंद होती तेव्हा ओढ गेली. पुन्हा बंद करून बघितली, पुन्हा गेली.”

“कुणाकुणाला माहितीये?”

“तुलाच पहिलं सांगतेय.”

“मग झालं तर! उद्या भाषण दे, नोकरीची कायमची जागा पदरात पाडून घे. मग सांग सावकाश.”

तिनं इस्त्री उभी केली. “आणि त्या जागेवर रोज बसू कशी?”

मी तिच्या हातातल्या शर्टाकडे बोट केलं. “कॉलर करपली बघ,” म्हणाले. करपली नव्हती.

जागा एकच होती आणि भाषणं ऐकून ती द्यायची होती. सगळी पोरं धाकटीच्याच वयाची. एकीनं लांबच्या ताऱ्याचा उजेड मध्येच का मंदावतो ते सांगितलं. एकजण वाळूचा ढीग अचानक का घसरतो ते बघतो. एका चष्मेवाल्यानं तडा गेला तरी आपोआप सांधणारी काच केलीय. वाळूवाल्याला मी मनातल्या मनात बाद केलं. ताऱ्यावालीची मात्र धास्ती वाटली.

मग धाकटी उभी राहिली.

“मला जे सापडलं असं मी गेल्या वर्षी म्हणाले, ते तिथं नाही.”

तिनं पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. लिफ्ट चालू असतानाची फुगलेली, बंद असतानाची सपाट.

मागून कुणीतरी विचारलं, “चूक कुणी दाखवली?”

“मीच शोधली.”

“मग एवढ्या वर्षांत हाती काय लागलं?”

“तिथं काही नाही, हे लागलं,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज जरा कापला, पण वाक्य पुरं झालं. मी भुवया जागच्या जागी धरून ठेवल्या होत्या.

नणंद कानाशी लागली. “अगं, चारचौघांत सांगायची काय गरज होती? झाकली मूठ ठेवायची!”

“तुझ्या घरात कुणी सांगितलं असतं का?” मी म्हणाले. जरा मोठ्यानं निघालं. मागची रांग माना उंचावून बघायला लागली.

जागा ताऱ्यावालीला मिळाली. धाकटीनं जाऊन तिचा हात हातात घेतला, तिचं सामान बाहेरपर्यंत उचलू लागली. धाकटीला महिनाअखेर तळघरातली खोली रिकामी करायची होती. तोवर सगळी मापं पुन्हा घेऊन, खरी तेवढी छापून जायचं म्हणाली.

“मग लिफ्ट बंद करायला सांग की त्यांना.”

“वरच्या मजल्यांवर माणसं कामं करतात, आई. माझ्या एका दोऱ्यासाठी कोण चढेल? लिफ्ट हलली की ते माप टाकून द्यायचं, दुसरं घ्यायचं.”

त्या संध्याकाळी मी काचेखालचं कात्रण काढलं. फाडलं नाही. तिच्या वडिलांच्या फोटोमागं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. रखवालदारानं लिफ्टचं दार धरून ठेवलं. “आजी, या ना. एवढे जिने कशाला? गुडघे बघा तुमचे.”

“माझे गुडघे माझ्याकडेच राहू देत.”

कठडा धरून निघाले. चढताना गुडघे कुरकुरतात, उतरताना शिव्या देतात. तळघरात पोचले तेव्हा तिचं दार बंद होतं, वर लाल दिवा. म्हणजे माप चाललेलं. मी शेवटच्या पायरीवर बसले, डबा मांडीवर घेतला.

वर कुणीतरी बटण दाबलं असावं. भिंतीआड ते लोखंडी वजन घरघरत हललं. आतलं माप गेलंच.

तरी मी डब्याची कडी मुठीत धरून ठेवली, वाजू दिली नाही.