फिकेरावांचे एकोणीस डबे

डबा १. हिरवा १२ थेंब, पिवळा ८, काळा २.

झाकणावर असं लिहायची माझी पंधरा वर्षांची सवय. रंगाच्या दुकानात मी मशीनवर असते. गिऱ्हाईक शेडकार्डावर बोट ठेवतं, मी पांढऱ्यात थेंब सोडते, झाकण ठोकते, डबा मशीनमध्ये हलवून घेते आणि थेंबांचा हिशेब वर लिहिते. भिंत अर्ध्यात असताना रंग संपला तर पुन्हा तोच बनवता यावा म्हणून.

हा गृहस्थ सोमवारी आला. चाळिशीचा, डोळे तपासून चष्मे करून देणारा, दुकान दोन गल्ल्या सोडून. बैठकीच्या खोलीला मऊ हिरवा हवा म्हणाला. मऊ म्हणजे कसा, असं विचारलं तर त्याने हवेतल्या हवेत मांजर कुरवाळलं. मी नमुन्याचा छोटा डबा करून दिला. वीतभर पट्टा ओढा, वाळू द्या, सकाळी बघा, दुपारी बघा, दिव्याखाली बघा, मग या.

डबा २. हिरवा १०, पिवळा ७, काळा २.

मंगळवारी आला. "अजून थोडा फिका," म्हणाला.

डबे ३, ४, ५.

तेच. तेच. तेच. मालकांनी त्याचं नाव फिकेराव ठेवून टाकलं.

डबा ६. हिरवा ५, पिवळा ४, काळा १. आणि टेबलाचा एक पाय.

मीच म्हटलं होतं, रंग एकटा नसतो, घरातल्या सामानाशी त्याचं जमायला हवं. तर त्याने आधी सोफ्याची उशी आणली. मग कड्यांसकट पडदा. मग हा पाय, पिशवीतून, मोजा घातलेला. मी त्याला सांगितलं की लाकूड मधाच्या रंगाचं असलं तर हिरव्यात पिवळा जरा चढा ठेवावा, नाहीतर भिंत तापातून उठल्यासारखी दिसते. आणि छताला कोरा पांढरा नको, भिंतीचाच रंग चमचाभर घालावा, म्हणजे दोघं एका घरातले वाटतात. तो असं ऐकत होता, जणू मी त्याच्या परीक्षेचा निकाल वाचतेय. तोवर टेबलाचं काय चाललंय, मी विचारलं. पुस्तकांच्या चळतीवर उभं आहे, म्हणाला.

डबा ७.

हिरवा ४. मला वाटलं, आता जमणार.

डबे ८ ते १३.

नाही जमलं. रोज साडेअकरा. डबा हलायला तीन मिनिटं लागतात, फिकेराव अर्धा तास थांबायचे. आमच्या गप्पा रंगावर सुरू व्हायच्या आणि कुठेही जायच्या: एकच डोळा मिटून झोपणारा त्यांचा मामा, शेडकार्ड चावून खाणारी मालकांची नात. मी साडेअकराच्या आधी केस नीट करायला लागले, हे घरी वहिनीच्या नजरेतून सुटलं नाही. "भिंत रंगते की नाही ते कळव, तू मात्र रंगलेली दिसतेस," ती म्हणाली.

आता खरं काय ते सांगते. हा माणूस रंगासाठी येतो की माझ्यासाठी, एवढंच मला कळायला हवं होतं. आणि विचारायची सोय नव्हती. सात वर्षांपूर्वी एक इंजिनिअर असाच रोज यायचा. मी मनात मांडे खाऊन बसले, मालकांनाही सांगून मोकळी झाले, आणि एका सकाळी त्याने काउंटरवर पत्रिका ठेवली. त्याचीच. सहकुटुंब या म्हणाला. पुढे वर्षभर मी मान खाली घालून डबे हलवले. ती वेळ पुन्हा आली तर मशीन सोडून कुठे जाऊ?

डबा १४. हिरवा ०, पिवळा ०, काळा ०.

म्हणून ही लबाडी. कोरा पांढरा. बरोबर आहे म्हणाला तर मामला रंगाचाच होता. पांढरा का दिलात म्हणून भांडला, तरीही रंगाचाच.

दुसऱ्या दिवशी आला, काउंटरवर कोपर टेकलं, छताकडे बघितलं. सुरेख आहे, म्हणाला, पण केसभर हिरवा वाटतो.

मी घरी जाऊन सांगितलं तेव्हा भावाला ठसका लागला. वहिनी शांत होती. डोळ्यांचा धंदा करतो आणि पांढऱ्याला हिरवा म्हणतो, एवढंच पुटपुटली. मग नाकावरचा चष्मा काढून उलटसुलट बघत बसली. तो तिने परवाच त्याच्याकडून करून घेतला होता.

एकतर माणूस खोटं बोलतोय, नाहीतर त्याचे डोळे गेलेत. मधला मार्ग मला दिसेना.

डबे १५ ते १९.

उलटे चढवत नेले. हिरवा २, ४, ६, ९, १२. एकोणिसावा तर पहिल्याइतकाच गडद. तरी आपलं, अजून थोडा फिका.

मालक म्हणाले, जाऊन भिंत बघून ये बाई, आपल्या मालाचं नाव जातंय. मी येते म्हटल्यावर तो माणूसच एक शेड फिका झाला.

डबा नाही. भिंत.

इमारतीच्या दुरुस्तीचं काम चालू होतं. परांची बांधलेली, आणि वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी. जिन्यात शिरले आणि माझे हात हिरवे झाले. तिसऱ्या मजल्यावर त्याची खोली म्हणजे भर दुपारी तळ्याचा तळ. खिडकीतून येणारा उजेड जाळीतून गाळून येत होता; उशी हिरवी, पडदा हिरवा, तीन पायांचं टेबल हिरवं, तो स्वतः हिरवा.

इथे दूधसुद्धा हिरवं दिसलं असतं. म्हणजे माणूस खरं बोलत होता. डोळे शाबूत, जीभ शाबूत, आणि सगळं फक्त रंगासाठी. माझ्या बोटांना पत्रिकेचा तो कडक कागद आठवला.

तो पाणी आणायला आत गेला. मी भिंतीवरचे पट्टे मोजले, पेन्सिलीने नंबर घातलेले, फूटपट्टीने आखल्यासारखे. सात.

पुन्हा मोजले. सातच.

छत्री टेकवायला मी दार जरा मागे ढकललं, तर ते पुरतं जाईना. मागे डबे होते. बारा. माझ्या अक्षरातली झाकणं, आणि एकाच्याही कडेला रंगाचा ओघळ नाही. एकदा उघडलेल्या डब्याची कड कधी कोरी राहत नाही, हे मला झोपेतही कळतं. चौदा नंबर मधोमध, नव्या नवरीसारखा.

तो पेले घेऊन दारात थांबला.

"चौदा उघडलाच नाहीत," मी म्हणाले.

"नाही."

"आणि केसभर हिरवा?"

"बरोबर आहे म्हटलं असतं, तर पंधरावा कसा मागणार?"

जाळीचा घोळ त्याला सातव्याच दिवशी कळला होता. पांढरा कोट घालून पट्ट्यासमोर उभा राहिला, तर कोटही हिरवा. शेवटी डोळ्यांचाच माणूस. जाळी उतरल्याशिवाय काही ठरणार नाही, हे त्याला तेव्हाच समजलं. पण जाळी उतरेपर्यंत काय करायचं, दुकानात यायचं बंद करायचं?

मला हसू आलं ते थांबेना. त्याच्या हातातल्या पेल्यांतलं पाणी हिंदकळायला लागलं, कारण तोही हसत होता.

बादली. हिरवा, पिवळा, काळा: मोजले नाहीत.

बाराही डबे मी एकात ओतले. पंधरा वर्षांत असं कधी केलं नव्हतं. काठीने त्याने ढवळलं, एका रोलरवर आम्ही आळीपाळीने हात मारला, साती पट्टे बुडाले. कोणता रंग झाला, त्याने विचारलं. मी म्हटलं, देव जाणे. जाळी शुक्रवारी निघणार होती.

संध्याकाळच्या उन्हात मी जिना उतरून रस्त्यावर आले, तर कोपराला रंग लागलेला. उजेडात पहिल्यांदाच दिसला. पानाच्या पाठीसारखा, किंचित पिवळ्याकडे झुकलेला, मधाच्या रंगाच्या लाकडाशी जमेल असा. मी तिथेच उभी राहून बघितला, दोनदा. मग त्याला दाखवायला तीन जिने धावत चढले. शेवटच्या पायरीवर लक्षात आलं की वर दाखवण्यासारखं काही उरणार नाही, कोपर पुन्हा सगळ्यासारखं हिरवं होणार.

त्याने दार उघडलं. "काही राहिलं का?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि आत गेले.