संवेदनशील इंजेक्शन

दगडाबाईंचं पाऊल कापायचं की नाही, यावर नळदुर्गच्या दवाखान्यात सगळ्यांची मतं घेऊन झाली होती. राहिलं होतं ते फक्त दगडाबाईंचं.

अंगात साखर, त्यात तळपायात बाभळीचा काटा मोडलेला. जखम चिघळली आणि औषधं बदलून बदलून डॉक्टर दमले, तरी पू हटेना. शेवटी त्यांनी तो पू तपासायला लॅबमध्ये धाडला. तिथं जंतू ताटलीत वाढवतात, वर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतात आणि कुठली टिकली जंतूंना मारते ते बघतात. रिपोर्टात बाकी सगळी औषधं नापास झाली होती, एकासमोर तेवढं ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं. डॉक्टर म्हणाले, हेच इंजेक्शन देऊ, फक्त मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागेल.

इथंच बलभीमचं बिनसलं. बलभीम म्हणजे दगडाबाईंचा थोरला, अणदूरजवळच्या एका गावचा पोलीस पाटील. सेन्सिटिव्ह म्हणजे संवेदनशील, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. दर निवडणुकीला त्याच्या गावचं मतदान केंद्र संवेदनशील ठरायचं, जादा बंदोबस्त यायचा आणि तरी डोकी फुटायचीच. असलं औषध आईच्या अंगात घालायचं? त्यापेक्षा पाऊल कापा म्हणाला, जीव तरी राहील. आईला विचारावं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. पाटीलकी घरात चालवायची सवय, दुसरं काय!

रिपोर्ट देऊनही इंजेक्शन का अडलं, हे बघायला लॅबमधली शिवकन्या वॉर्डात आली. बलभीमचं कारण ऐकून तिला हसू आवरेना. संवेदनशील औषध नाही, जंतू आहेत. ताटलीत या औषधापुढं त्यांचा टिकाव लागत नाही, एवढाच अर्थ, असं तिनं समजावलं. पण चारचौघांत हसलेलं बलभीमला लागलं होतं. तो आणखीच अडून बसला.

तेवढ्यात दगडाबाईंनी ताटली बघायला मागितली. शिवकन्येनं मोबाईलवर फोटो दाखवला. बहुतेक टिकल्यांना जंतू अगदी खेटून वाढले होते, एकीभोवती मात्र स्वच्छ गोल पडला होता. दगडाबाईंची हयात शेरडांमागं गेलेली. खुंट्याला बांधलेली शेळी दावं पुरेल तेवढं गवत खाऊन असाच गोल करते.

"ही एकच चरतीया," त्या म्हणाल्या. "बाकीच्या नुसत्या बांधून ठिवल्यात. हीच माज्या पायात सोडा."

बलभीमनं मूत्रपिंडाचं काढलं, भावकी काय म्हणेल तेही काढलं. आता मात्र दगडाबाईंचं डोकं फिरलं. त्यांच्या उशाशी उभं राहून त्यांच्याच पायाची वाटाघाट चालली होती, जशी काही बांधाची मोजणी.

"बलभीम, पाय माजा हाय. दर इलेक्शनला आपलं गाव संवेदनशील असतंय. म्हणून म्या कदी मत टाकायची राहिले व्हय?"

शेजारच्या खाटांवरच्या बायका हसल्या. डॉक्टर आले, म्हणाले, आजी, पाय वाचेलच असं वचन देता येत नाही. वचन कुणी मागितलंय, असं म्हणून दगडाबाईंनी हात पुढं केला.

सुई टोचून झाल्यावर त्यांनी लेकाला जवळ बोलावलं.

"उद्या येताना घरनं माज्या चपला आण. दोन्ही आण."