पयले तुमच्या गुडघ्यात

गुडघ्याचा डॉक्टर म्हणवणारा तो माणूस बोरी अरबच्या समाजमंदिरात पुन्हा आला, तेव्हा तुळसाबाई मुद्दाम पुढच्या खुर्चीत जाऊन बसली. त्याच्या सहा सुयांनंतर तिला बुद्धवंदनेला गुडघे टेकणंही जमेनासं झालं होतं. आज तिला वचपा काढायचा होता.

"या सुईतलं ग्रोथ फॅक्टर गुडघ्यातल्या पेशींना जागं करतं," तो सांगत होता. "पेशी प्रोटिओग्लायकन बनवतात, ते पाणी धरून ठेवतं आणि झिजलेली गादी पुन्हा भरते."

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तिच्या लेकीने, दीपाने, तिला खरं काय ते सांगितलं होतं. प्रयोगशाळेत, काचेच्या बशीतल्या पेशींवर हे घडतं. पण झिजलेल्या गुडघ्यातल्या पेशी त्या फॅक्टरला फारशी दादच देत नाहीत.

शिवाय मघाशी जीपमधून उतरताना तो उजवा पाय ओढत होता, हे तुळसाबाईने नीट पाहून ठेवलं होतं.

ती काठी टेकत उठली आणि टेबलावरची भरलेली सुई तिने त्याच्यापुढे धरली.

"डॉक्टरसायेब, पयले तुमच्या उजव्या गुडघ्यात टोचा. आमी पाह्यतो."

त्याने सुईकडे पाहिलं, मग दाराकडे.

"पळा ना," तुळसाबाई म्हणाली, "जमत असन तर."