वियार्ड पॉपिंगाचं वजन

“नाकाकडे! सगळे नाकाकडे!”

इंजिनीअर बोकेलमानसाहेबांची आरोळी आली आणि पाणबुडीतली हात मोकळे असलेली सगळी माणसं वाकून, एकमेकांच्या टाचा तुडवत पुढच्या टोकाकडे धावली. सगळ्यांत पुढे बोटीचा आचारी वियार्ड पॉपिंगा. हातातला झारासुद्धा खाली ठेवायला त्याला सवड मिळाली नव्हती.

“पळ रे डोंगरा!” मागून खलाशी गेर्ड ओरडला. “आज तुझ्या ढेरीवर आमचा जीव आहे.”

“ढेरीला नावं ठेवू नकोस. तुम्हा काटक्यांच्या वजनानं बदकसुद्धा बुडायचं नाही.”

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती ही. घाईने बुडी मारायची तर बोटीचं नाक आधी खाली जायला हवं, आणि त्याला पाण्याच्या टाक्यांच्या जोडीला माणसांचंही वजन लागे. हेरिंग मासे पकडायला जाणाऱ्या आमच्या जर्मन बंदराच्या, एम्डेनच्या, जहाजांवर अर्धं आयुष्य रस्सा ढवळून वियार्ड या बोटीवर आला होता. इथे रांधणं हे त्याचं काम होतंच, पण जड असणं हेही होतं, आणि दोन्ही तो मन लावून करी.

बोट महायुद्धाच्या आधीची, रॉकेलवर चालणारी. पाण्यावर असताना धुराचा असा पांढरा लोट सोडायची की खलाशी तिला धुराडंच म्हणत. बुडी मारण्याआधी तो धुराचा नळ आडवा पाडून त्याचं तोंड बंद करायचं, तोवर शत्रू जेवून हात धुवून येईल. पण एकदा खाली गेली की या थेरडीचं रूप पालटे. धडधड थांबे. वर अख्खा उत्तर समुद्र, खाली त्याचा तळ, आणि मधोमध ही लोखंडी नळी जागच्या जागी तरंगायची. वियार्डने समुद्र जन्मापासून पाहिला होता, पण आतून पहिल्यांदाच. पहिल्या बुडीला त्याने टोपी काढून हातात धरली होती, चर्चमध्ये धरतात तशी. कोणी हसलं नाही.

हा तोल बोकेलमानसाहेबांच्या हातात असे. कोणत्या टाकीत किती पाणी घ्यायचं हे ते ठरवत, आणि त्यासाठी बोटीवर कुठे काय ठेवलंय ते त्यांना ठाऊक असावं लागे. म्हणून एकच नियम होता. साहेबांना सांगितल्याशिवाय कोणी पोतंही हलवायचं नाही.

आज मात्र नाक खाली जाईना.

“जातंय का?” वर बोटीच्या मनोऱ्यातून कप्तान वेसलिंग यांनी विचारलं.

“गेलं होतं, साहेब. परत वर येतंय.”

“विनाशिका सरळ आपल्यावर येतेय, बोकेलमान.”

“दिसतंय मला ते न बघताही.” साहेब काट्यांकडे बघत पुटपुटले. “पुढचं वजन गेलं कुठं? माझा हिशेब चुकत नाही. माझा हिशेब...”

बोट कूस बदलल्यासारखी हलली. मनोरा पाण्याबाहेर आला असणार, कारण वर लाटा आपटल्याचा आवाज आला. त्यापाठोपाठ दुसरा आवाज. परक्या जहाजाच्या पंख्याची घरघर, दूरची, मग तितकीशी दूर नसलेली. पुढच्या टोकाला पाणतीरांच्या, म्हणजे टॉर्पेडोंच्या, मधल्या जागेत माणसं एकमेकांना चिकटून उभी होती. गेर्डची थट्टा आटली होती.

 पुढचं वजन कुठे गेलं, ते वियार्डला माहीत होतं.

सकाळी त्यांनी एक इंग्रज मासेमारी जहाज थांबवलं होतं. कप्तानांनी माणसांना छोट्या होडीत उतरू दिलं आणि मग जहाज बुडवलं. होडीत एक म्हातारा होता, पायात लोकरीचे मोजे, बूट नव्हते. लढाईपूर्वी याच पाण्यात अशाच म्हाताऱ्यांशी वियार्डने तंबाखूच्या बदल्यात मासळी घेतली होती. नावं माहीत नसत, चेहरे असत. होडी बोटीच्या नाकाला लागून डुलत होती, अधिकारी वर दुर्बिणीत गुंतलेले. वियार्डने पुढच्या झाकणातून बटाट्यांची दोन पोती, पावाचं पोतं आणि गोड्या पाण्याचं पिंप खाली सोडलं. गेर्डनेच दोरी धरली. म्हाताऱ्याने नुसती मान हलवली. किनारा लांब होता. मग लांबवर जहाजाचा धूर दिसला, धावपळ झाली आणि सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नाही. साहेब नाही म्हणतील म्हणून सांगितलं नाही.

“साहेब!” वियार्ड तिथूनच गरजला. “मी दिलं! बटाटे, पाव, पाण्याचं पिंप! सकाळी, त्या होडीला!”

बोकेलमानसाहेबांनी काट्यांवरून मान वळवली.

“पिंप भरलेलं?”

“काठोकाठ!”

बोकेलमानसाहेबांनी शिवी दिली नाही. पुटपुटत आकडे जुळवले, पुढच्या टाकीत घ्यायचं पाणी सांगितलं आणि स्वतः झडप फिरवायला लागले. नाक झुकलं. भांडी घरंगळत पुढे आली, झारा वियार्डच्या हातून सुटला. मग ती घरघर थेट डोक्यावरून गेली, इतकी जवळून की बोटीची हाडं वाजली. आणि लांब गेली.

बोट स्थिर झाली. हातभर वर नाही, हातभर खाली नाही.  दोन पोती बटाट्यांनी सगळ्यांचे जीव वर उचलले होते आणि टाकीभर पाण्याने ते पुन्हा सावरले होते. एवढ्या प्रचंड समुद्रात इतक्या बारीक तोलावर आपण जगतोय, हे त्यांना माहीत होतं, पण कळलं त्या दिवशी. गेर्ड रडत होता आणि त्याला त्याची लाजही नव्हती.

बंदरात परतल्यावर कप्तानांनी वियार्डला बोलावलं.

“दिलंस ते वाईट केलंस असं मी म्हणणार नाही,” ते म्हणाले. “न सांगता दिलंस. कोर्टापुढे उभा करत नाही तुला. पण माझ्या बोटीवर तू नकोस.”

“साहेब, काय ती शिक्षा द्या, पण बोटीवरून काढू नका. जमिनीवर मी करू काय?”

“बटाटे सोल,” कप्तान म्हणाले आणि खिडकीकडे वळले. त्यांनाही ते जड जात होतं.

नवा आचारी आला तो काडीपैलवान. बोट निघायच्या सकाळी बोकेलमानसाहेब, वियार्डला धाडलं होतं त्या छावणीच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“चल रे पॉपिंगा, तुझं वजन हवंय.”

“माझं?”

“त्या पोराच्या वजनानं नाक झुकणार नाही. तुझ्यात आणि त्याच्यात जेवढा फरक, तेवढं लोखंड पुढं ठेवतो.” मग जरा थांबून म्हणाले, “नाही. फरक नको. तुझं सगळंच वजन ठेवतो. टाकीत पाणी थोडं कमी घेईन.”

धक्क्यावरच्या कोळशाच्या काट्यावर वियार्ड उभा राहिला, बुटांसकट, ॲप्रनसकट. साहेबांनी तेवढ्या लोखंडी कांबी मोजून काढल्या. उचलायला खलाशी पुढे आले, तर वियार्डने त्यांना बाजूला सारलं. एकेक कांब छातीशी धरून त्याने आत नेली आणि पाणतीरांच्या मधल्या जागेत स्वतः रचली. कप्तानांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

ती बोट परत आली नाही. कुठे गेली, कशाने गेली, कोणाला कळलं नाही.

शरद ऋतूत वियार्ड बोकेलमानबाईंकडे गेला. जाणं भाग होतं आणि पाय निघत नव्हता. बाईंनी चहा ठेवला, कपात खडीसाखर टाकली, वरून साय सोडली. 

“तुमचं शेवटचं बोलणं काय झालं त्यांच्याशी?” बाईंनी विचारलं.

“माझं वजन करून घेतलं त्यांनी.”

बाई किंचित हसल्या. “तसेच होते ते. माणूस भेटला की आधी मनात तोलायचे.” मग त्यांनी सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “तुम्ही तेवढे वाचलात, पॉपिंगा.”

“माझ्या जागी लोखंड गेलं, बाई. मीच उचलून नेलं.”

“जड होतं?”

“माझ्याइतकंच,” तो म्हणाला, आणि तेव्हा कुठे बाईंना रडू फुटलं.