येऊ नये असं लिहिलेलं पत्र

थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षाची ही गोष्ट. लग्नाला बारा दिवस झाले होते, भाड्यानं आणलेल्या खुर्च्या अजून आमच्या दारात रचून ठेवलेल्या होत्या, आणि घरात पत्र वाचणारं कोणी उरलं नव्हतं. पत्रं थोरली वाचायची; बाकीची पोरं कामाला परगावी. नेमकं तेव्हाच ते पत्र आलं.

मी कातारी. लेथवर लाकूड फिरवून खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे, दारांच्या मुठी करतो. उरलेले तुकडे फेकवत नाहीत, म्हणून मी त्यांचे भोवरे करायचो. विकायला नाही, फिरवायला. बायको म्हणायची, "पोरं मोठी झाली आणि बाप लहान झाला."

माझ्यासारखे आणखी लोक असतील हे मला ठाऊकच नव्हतं. पण दीड दिवसाच्या वाटेवर एक आरसे करणारा माणूस राहायचा. त्याला सगळे आरसेवाले म्हणत. दर वर्षी एका ठरलेल्या महिन्याच्या चौदा तारखेला त्याच्या गोदामात सोळा जण जमायचे. कोणी दात काढणारा डॉक्टर, कोणी बटणांचं दुकान चालवणाऱ्या दोघी बहिणी, कोणी बोटीवरचा स्वयंपाकी. टेबलावर मोठा आरसा आडवा ठेवायचा आणि त्यावर एकेकानं भोवरा सोडायचा. ज्याचा जास्त वेळ उभा राहील तो पहिला. बक्षीस काही नाही. ज्याचा सगळ्यात आधी पडेल त्यानं सगळ्यांच्या कपबश्या विसळायच्या.

भोवरा फिरत असताना खिडक्या बंद, पंखा बंद, बोलणं बंद. एकदा बटणवाल्या धाकट्या बहिणीला शिंक आली, ती तिनं तोंडात रुमाल कोंबून गिळली. चांगला भोवरा स्थिर झाला की फिरतोय असं वाटतच नाही. आम्ही म्हणायचो, झोपला. आरशात दुसरा भोवरा उलटा, टोकाला टोक लावून, तोही झोपलेला. ते बघायला मी दीड दिवस गेलो असतो आणि दीड दिवस आलो असतो. अकरा वर्षं तेच करत होतो.

बरोबर माझा मेहुणा असायचा, बायकोचा थोरला भाऊ. तो गवंडी, तीन गल्ल्या सोडून राहायचा. भोवरा त्याला कधी धड फिरवता आला नाही. कपबश्या बहुतेक त्याच्याच वाट्याला. पण तो आपली पाणसळ घेऊन यायचा आणि आरसा केसभरही कलता राहू द्यायचा नाही. त्याच्याशिवाय चौदा तारीख सुरूच होत नसे.

त्या वाटेची मला अजून आठवण येते. पहाटेची बस, मग गाडी, ती बदलून दुसरी गाडी, शेवटी रुंद नदीवरची होडी. मांडीवर पत्र्याचा डबा, त्यात कापसात गुंडाळलेले तीन भोवरे. स्टेशन आलं की मेहुणा विचारायचा, "आलं का हो, दाजी?" मी म्हणायचो, "बघा की तुम्हीच." मग तो पाटीकडे बघायचा, मी पाण्याच्या टाकीकडे बघायचो. लाल टाकीनंतरचं तिसरं स्टेशन आमचं. आम्ही कधी चुकलो नाही.

तर ते पत्र. दर वर्षीचं पत्र सारखंच असायचं: वर भोवऱ्याचं चित्र, खाली दोन ओळी, त्यात चौदाचा आकडा. आकडे मला येत होते, मापं घेऊन घेऊन आले होते. अक्षरं येत नव्हती. हे मेहुण्याला ठाऊक नाही असा माझा समज. दुकानात जुना पेपर उघडून बसायची मला सवय होती. तो मात्र लहानपणीच बाहेरगावी कामाला गेला होता, कानावर कायम पेन्सिल, भिंतीवर काहीबाही लिहीत असायचा. त्याला येत असणारच.

त्या वर्षी भोवऱ्याखाली पाच ओळी होत्या. चौदाचा आकडा होता. मी पत्र मेहुण्यापुढे धरलं.

"बघा बरं, काय म्हणतात."

त्यानं पत्र लांब धरलं, जवळ धरलं, ओठ हलवले. "हं. नेहमीचंच." आणि परत माझ्या हातात दिलं. "तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं की."

"मग झालं तर."

आम्ही गेलो. चौदा तारखेला सकाळी अकराला गोदामापुढे उभे राहिलो, तर दाराला कुलूप. पायरीवर पहारेकरी शेंगदाणे खात बसला होता.

"कोण हवंय?"

"आज चौदा तारीख," मेहुणा म्हणाला.

"असेल. पण यंदा काही नाही. पत्र नाही मिळालं?"

"मिळालं की." मेहुण्यानं माझ्या खिशातून पत्र काढून ऐटीत पुढे केलं.

पहारेकऱ्यानं हात पँटला पुसले आणि मोठ्यानं वाचलं. "यंदा १४ तारीख भरणार नाही. माझी प्रकृती उतरली आहे. गोदाम विकायचं ठरलं आहे. कोणी येण्याची तसदी घेऊ नये. हे शेवटचं पत्र समजावं." त्यानं मान वर करून आमच्याकडे बघितलं. "येऊ नये असं स्वच्छ लिहिलंय की."

मेहुणा माझ्याकडे वळला. "दाजी, तुम्हाला वाचता येतं ना?"

"मला वाटलं तुम्हाला येतं."

"मग ते पेपर घेऊन बसता ते?"

"चित्रं बघतो. आणि तुम्ही भिंतींवर काय लिहिता?"

"विटांचे आकडे."

अकरा वर्षं आम्ही एकमेकांच्या भरवशावर देश पालथा घातला होता. मेहुणा आधी हसला, मग मी. दोघंही त्या पायरीवर बसलो आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. पहारेकऱ्याला वाटलं, आम्ही पिऊन आलोय. तरी त्यानं मूठभर शेंगदाणे दिले आणि आरसेवाल्यांचं घर दाखवलं.

त्यांच्या सुनेनं दार उघडलं. आरसेवाले खिडकीशी खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर घोंगडी. निम्मे झाले होते.

"पत्र पोचलं नाही का?" आम्हाला बघून त्यांनी विचारलं.

मेहुणा तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला. "पोचलं," मी म्हणालो.

"येऊ नका लिहिलं, तरी आलात?"

मी काखेतल्या डब्याचं झाकण पुन्हा घट्ट दाबलं.

"चौदा जणांनी पत्रं पाठवली. काळजी घ्या, विश्रांती घ्या. चांगली माणसं आहेत, लिहिलं तसं वागली." त्यांनी नाक पुसलं. "तुम्ही दोघंच आलात. अगं, तो कपाटाचा आरसा उतरव."

दोन स्टुलांवर आरसा आडवा ठेवला. मेहुण्यानं पाणसळ काढली आणि एका कोपऱ्याखाली कागदाची घडी सरकवली. तो कागद म्हणजे तेच पत्र होतं. सुनेनं खिडक्या लावल्या. मी जुन्या दाराच्या चौकटीच्या लाकडाचा काळा भोवरा घेतला, दोरी गुंडाळली, सोडला.

तो आरशाच्या मधोमध गेला आणि झोपला. आरसेवाले मनगटावरचं घड्याळ धरून बसले होते, पण घड्याळाकडे बघत नव्हते, भोवऱ्याकडे बघत होते. सुनेनं वारा लागू नये म्हणून पदर धरून ठेवला होता. भोवरा डुलून आडवा झाला तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं. चार मिनिटं एकतीस सेकंद. माझ्या आयुष्यात त्याआधी कधी नाही आणि नंतरही नाही.

मग त्यांनी पत्त्यांची वही माझ्या मांडीवर ठेवली. "आता चौदा तारीख तुमच्याकडे. गोदामातला आरसाही घेऊन जा. एकच अट. पत्र स्वतःच्या हातानं लिहायचं. दुसऱ्याच्या हातच्या पत्रावर कोण दीड दिवस प्रवास करून येतं?"

मी हो म्हणालो. न केलेल्या कामाची शाबासकी घेऊन मी हो म्हणालो, आणि ते शब्द घशात अडकलेल्या काट्यासारखे घरी येईपर्यंत टोचत होते. आरसा गोधडीत गुंडाळून आम्ही होडीतून आणला, दोन्ही गाड्यांतून आणला. मेहुणा त्याला धरून बसला होता.

"दाजी, वर्ष आहे हातात," तो म्हणाला.

"चोपन्न वर्षांचा आहे मी."

"मी सत्तावन्नचा. मग काय, मरेपर्यंत टाक्या मोजायच्या?"

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला दोघांचंही ठाऊक होतं. माझा भाऊ शाळेत गेला तो तिची भिंत बांधायलाच."

"मग बोलली का नाहीस?"

"वर्षातून एकदा तुम्ही दोघं इतके खुशीत निघायचात. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी कशाला उघडू?"

शेजारच्या गल्लीत शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्या स्टुलाचा मोडका पाय घेऊन आल्या, तेव्हा मी पाय करून दिला आणि लिहाय-वाचायला शिकवाल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, संध्याकाळी सहाला या, पाटी आणा. मेहुणाही आला. पहिल्याच दिवशी तो अक्षरावरच्या रेघेवरून बाईंशी भांडला.

"हे कसलं बांधकाम, बाई? आधी छत घालायचं आणि मग त्याला भिंती टांगायच्या?"

"तुम्ही पायापासून काढा," बाई म्हणाल्या. "शेवटी छत घातलंत तरी चालेल."

तो आयुष्यभर तसंच लिहायचा, खालून वर, आणि शेवटी एकच लांब रेघ पाणसळीवर ओढल्यासारखी. मला 'क्ष' आणि 'ज्ञ' सहा महिने छळत होते. हात लाकडाला सरावलेला, पेन्सिल त्यात मोडायची. आठव्या महिन्यात मी पहिलं पत्र लिहिलं. ते आरसेवाल्यांना. त्यात काटा काढून टाकला: आम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून आलो, नाहीतर आम्हीही घरीच बसलो असतो, वही परत हवी असेल तर कळवा.

दहा दिवसांनी उत्तर आलं. वर भोवऱ्याचं चित्र, रेघ थरथरलेली. खाली एक ओळ. ती मी स्वतः वाचली, बोट ठेवून, लेथ बंद करून. "वही ठेवा. यापुढे वाचता आलं तरी येत जा."

मग मी बाकीची चौदा पत्रं लिहिली. चित्र मला काढता येत नाही, म्हणून प्रत्येकावर भोवऱ्याचं टोक शाईत बुडवून टेकवलं. पहिल्या वर्षी अकरा जण आले. माझ्या दुकानात लेथ भिंतीला सरकवला, मध्ये आरसा मांडला. बटणवाल्या बहिणी म्हणाल्या, अक्षर फार वाईट आहे, त्यामुळे यावंच लागलं, नक्की काय लिहिलंय ते विचारायला.

त्याला आता चोवीस वर्षं झाली. यंदा तेवीस जण आले, त्यातले नऊ मी कधी बघितलेले नव्हते. एवढ्या वर्षांत सगळ्यांचा प्रवास झाला, माझा तेवढा राहिला. माझं घर हेच आता मुक्कामाचं ठिकाण, मी कुठे जाणार? म्हणून मी दारात उभा राहतो आणि पाणी देण्याआधी प्रत्येकाला वाट विचारतो. कुठे गाडी बदलली, होडीला गर्दी होती का, डबा मांडीवर होता की वर फळीवर. ते सांगतात, मी ऐकतो. लाल टाकी पाडली म्हणे. हरकत नाही, आता पाट्या आहेत.

आरसेवाले माझ्याकडच्या पहिल्या चौदा तारखेच्या नऊ दिवस आधी गेले; माझं पत्र त्यांना मिळालं होतं. मेहुणा गेल्या हिवाळ्यात, तीन तारखेला, मंगळवारी सकाळी गेला. एक्क्याऐंशी वर्षांचा होता. यंदाचा आरसा मी त्याच्या पाणसळीनं लावला.